उतरती रात्र : जर्मन आगमनगीतांचा एक मागोवा

ख्रिस्ती उपासनेचे वर्ष जानेवारीच्या पहिल्या तारखेस सुरू होत नाही. नोव्हेंबरच्या तीस तारखेस सर्वांत जवळ येणाऱ्या रविवारी, म्हणजे उत्तर युरोपात दुपार कलताच दिवे लावावे लागतात अशा दिवसांत, त्याचा प्रारंभ होतो. तेथून नाताळापर्यंत चार रविवार येतात. या कालखंडाला लॅटिनमध्ये ‘आद्व्हेन्तुस’ असे नाव आहे. मराठी ख्रिस्ती समाज त्याला आगमनकाल म्हणतो. रोमन साम्राज्यात हा शब्द सम्राटाच्या नगरप्रवेशाच्या सोहळ्यासाठी वापरला जाई. चर्चने तो उचलला, पण सोहळ्याचा डामडौल मात्र घेतला नाही. पाचव्या शतकातील तूर नगरीचा बिशप पर्पेतुअस याने संत मार्टिनच्या दिवसापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास घालून दिला होता, असे तूरचाच इतिहासकार ग्रेगरी नोंदवतो. या दिवसांतील उपासनेची वस्त्रे जांभळी, म्हणजे पश्चात्तापाच्या रंगाची असतात. पहिल्या रविवारचे शास्त्रवाचनही बाळ येशूच्या जन्माचे नसते. ते जगाच्या अंताचे, ग्रहतारे डळमळण्याचे असते. ज्याला सणाची गोड पूर्वतयारी समजावे असा आपला ग्रह असतो, तो काळ मुळात उपवासाचा, जागरणाचा आणि काहीशा भयाचा आहे.

आपल्याकडे प्रतीक्षेचे वाङ्मय थोडे नाही. विरहिणीची परंपरा ज्ञानदेवांपासून आहे, चातुर्मास आहे, पहाटेची भूपाळी आहे. परंतु एक भेद प्रथमच ध्यानात घेतलेला बरा. आषाढी एकादशीस देव निजतो आणि भक्त जागा राहून चार महिने काढतो; भूपाळी म्हणून देवाला उठवतो. आगमनकालात निजलेला असतो तो माणूस. संत पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात झोपेतून उठण्याची जी हाक आहे, ती या काळातील साऱ्या पद्यरचनेच्या मुळाशी आहे. रात्र पुष्कळ सरली आहे आणि दिवस जवळ येत आहे, एवढाच त्या वचनाचा आशय. दिवस उजाडला आहे असे ते वचन म्हणत नाही. या दोहोंमधील अंतर लहान दिसते. पण ज्या कवींविषयी येथे लिहावयाचे आहे, त्यांची सारी कविता आणि काहींचे सारे आयुष्य त्या अंतरात सामावलेले आहे.

जर्मन भाषेतील आगमनगीतांना एक विलक्षण योगायोग चिकटलेला आहे. त्यांतील उत्तमोत्तम गीते सुबत्तेच्या काळात लिहिली गेलेली नाहीत. तीस वर्षांचे युद्ध आणि हिटलरचे राज्य, हे या भूमीचे दोन सर्वांत भीषण कालखंड. आणि आजही चर्चमध्ये जी गीते अंतःकरणापासून म्हटली जातात, त्यांतील कितीतरी याच दोन कालखंडांतली आहेत. संकटात माणूस आशेची गाणी गातो, असे सोपे स्पष्टीकरण यावर देता येईल. मला ते पुरेसे वाटत नाही. संकटात माणूस पुष्कळ प्रकारची गाणी गातो, आणि त्यांतील बहुतेक संकट संपताच विसरली जातात.

प्रारंभ फ्रीड्रिख श्पे या जेझुइट कवीपासून करावा लागतो. त्याचा जन्म १५९१ सालचा, ऱ्हाइनकाठच्या कायझर्सवर्थ येथील. विशीच्या आधीच तो येशूसंघात गेला, आणि १६१७ साली त्याने रोमला आपल्या संघप्रमुखाकडे एक विनंती धाडली : मला हिंदुस्थानातील मिशनवर पाठवा. ती नाकारली गेली. मराठी वाचकाने येथे क्षणभर थांबावे. त्याच्या आदल्याच वर्षी, १६१६ साली, साष्टीतील राचोल येथे फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध झाले होते. त्याचे पहिले पुराण म्हणजे जगाच्या उत्पत्तीपासून तारकाच्या जन्माच्या उंबरठ्यापर्यंतची कथा. एका परीने तो एक प्रदीर्घ, ओवीबद्ध आगमनकालच आहे. श्पेची विनंती मान्य झाली असती, तर याच संघाचा हा जर्मन कवी कदाचित स्टीफन्सच्या गोव्यात उतरला असता आणि मराठीत किंवा कोकणीत लिहू लागला असता. इतिहासात ‘असते तर’ला स्थान नाही. तो कोलोन, पाडरबोर्न, ट्रियर या आपल्याच जळत्या मुलखात राहिला.

१६२२ साली व्युर्त्सबुर्ग येथे निघालेल्या एका छोट्या गीतसंग्रहात एक आगमनगीत कर्त्याच्या नावाविना छापले गेले. ते श्पेचेच, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. यशयाच्या ग्रंथातील दोन याचना त्यात एकत्र गुंफल्या आहेत : आकाश फाडून खाली ये, ही एक, आणि मेघांनी धर्माचा वर्षाव करावा, भूमीने अंकुर फोडावा, ही दुसरी. गीताचा स्वर मात्र याचनेचा नाही. क्रियापदांमागून आज्ञार्थी क्रियापदे येतात. स्वर्गाच्या दाराची कडीकुलुपे तोडून टाक, असे हा भक्त देवाला फर्मावतो. जगाचा दिलासा म्हणवणारा तू कोठे आहेस, असे विचारतो. आणि शेवटाकडे येताना, आम्ही येथे पराकाष्ठेच्या दुःखात आहो आणि डोळ्यांपुढे मरण उभे आहे, असे कोणताही अलंकार न चढवता सांगतो. नामदेव-तुकारामांनी विठ्ठलाशी घातलेला वाद ज्यांच्या कानांत आहे, त्यांना या स्वराची ओळख पटायला वेळ लागणार नाही. देवाशी भांडण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याचीच प्रतीक्षा खरी असते. बाकीच्यांची नुसती सवय असते.

या गीताविषयी लिहिणारे पुष्कळजण त्याचा संबंध श्पेच्या पुढील आयुष्याशी जोडतात. तो मोह समजण्यासारखा आहे. ज्या व्युर्त्सबुर्गमध्ये हे गीत छापले गेले, त्याच नगरीत पुढे १६२६ ते १६३१ या वर्षांत चेटकिणी ठरवून शेकडो माणसे जाळली गेली. श्पेने १६३१ साली, पुन्हा नाव न घालता, ‘काउत्सियो क्रिमिनालिस’ हा लॅटिन ग्रंथ लिहून त्या खटल्यांचा पायाच उखडला. यातना दिल्या तर कोणीही काहीही कबूल करील, आणि म्हणून चेटकिणी यातनागृहातच जन्माला येतात, हे त्याचे प्रतिपादन. त्याचे केस अकालीच का पांढरे झाले, याचे कारण त्याने स्वतः सोबत केलेल्या निरपराध दंडितांच्या चितांमध्ये शोधावे, अशी आख्यायिका पुढे लायब्निट्सने नमूद केली आहे. तरीही गीत १६२२ चे आहे आणि ग्रंथ नऊ वर्षांनंतरचा. गीताला त्या चितांची धग लावणे हे कालक्रमाशी बेइमानी करणे होय. फार तर उलट म्हणता येईल : ज्याने प्रार्थनेत दुःखाला दुःख म्हणण्याचा सराव केला होता, त्याला पुढे न्यायासनासमोर खोट्याला खोटे म्हणणे साधले. १६३५ साली ट्रियर येथे जखमी व आजारी सैनिकांची शुश्रूषा करताना साथीच्या रोगाने तो वारला.

पाउल गेरहार्ट हा त्याच युद्धाचा दुसरा, प्रॉटेस्टंट साक्षीदार. तो तिशीत असताना, १६३७ साली, त्याचे जन्मगाव ग्रेफेनहाइनिखेन स्वीडिश सैन्याने जाळले. युद्ध १६४८ मध्ये संपले तेव्हा जर्मनीच्या काही प्रदेशांत निम्मी वस्ती उरली नव्हती. १६५३ साली त्याचे जे आगमनगीत प्रसिद्ध झाले त्याची सुरुवात एका प्रश्नाने होते : तुझे स्वागत मी कसे करू? पाहुणा दारी येणार असताना गृहस्थाला पडावा असा हा साधा प्रश्न आहे. तो विचारणाऱ्याच्या गावी घरे उरली नव्हती, एवढे मात्र विसरता कामा नये. श्पेचा संताप गेरहार्टपाशी नाही. त्याच्यापाशी उद्ध्वस्त माणसांना जवळ बसवून घेण्याची एक मायाळू रीत आहे. स्वतःची चार मुले त्याला पुरावी लागली. पुढे १७३४ साली योहान सेबास्टियान बाखने आपल्या ‘नाताळ ओरातोरियो’मध्ये या गीताचे पहिले कडवे घेतले आणि त्याला चाल दिली ती ख्रिस्ताच्या क्रूसमरणाच्या गीताशी कायमची जडलेली. पाळण्याच्या गाण्यात वधस्तंभाचा सूर! ऐकणाऱ्या जर्मन श्रोत्याला तो सूर ओळखीचा होता. आगमनकालाचे मर्म बाखला ठाऊक होते, हे सांगायला याहून वेगळा पुरावा नको.

त्यानंतरच्या दीडशे-दोनशे वर्षांविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे. आगमनकाल हळूहळू चर्चमधून दिवाणखान्यात आला आणि उबदार झाला. एक अपवाद सांगितला पाहिजे. हांबुर्गमध्ये योहान हिनरिख व्हिखेर्न या पाळकाने अनाथ व दरिद्री मुलांसाठी ‘राउहेस हाउस’ नावाचे आश्रयगृह १८३३ साली काढले होते. नाताळ कधी येणार, असे ती मुले सारखी विचारीत. १८३९ साली त्याने गाडीच्या एका चाकावर मेणबत्त्या बसवल्या : प्रत्येक दिवसाला एक लहान, प्रत्येक रविवारला एक मोठी. रोज एक मेणबत्ती पेटे आणि उरलेला अंधार मुलांना मोजता येई. आज जगभर दिसणाऱ्या चार मेणबत्त्यांच्या हाराचे हे मूळ रूप आहे. घड्याळ वाचता न येणाऱ्या मुलांसाठी केलेले ते प्रतीक्षेचे घड्याळ होते, हे दुकानांतल्या झगमगाटात कोणाला आठवावे!

आता योखेन क्लेपर. या लेखाचे खरे कारण तोच आहे.

१९०३ साली सायलीशियातील एका पाळकाच्या घरी तो जन्मला. धर्मशास्त्र शिकला, पण पाळक न होता पत्रकारितेत आणि नभोवाणीत गेला. १९३१ साली त्याने योहाना श्टाइन या ज्यू विधवेशी विवाह केला. ती त्याच्याहून तेरा वर्षांनी मोठी होती आणि तिला ब्रिगिटे व रेनाटे या दोन मुली होत्या. १९३३ साली नाझी सत्तेवर येताच बर्लिन नभोवाणीतील त्याची नोकरी गेली. प्रशियाचा राजा पहिला फ्रीड्रिख व्हिल्हेल्म याच्या जीवनावरील ‘पिता’ ही त्याची कादंबरी १९३७ च्या आरंभी निघाली आणि गाजली. त्याच वर्षी लेखकांच्या सरकारी मंडळातून त्याचे नाव काढून टाकण्यात आले. कारण कादंबरीत नव्हते, घरात होते. यापुढे प्रत्येक पुस्तकासाठी वेगळी परवानगी मागावी लागणार होती.

त्या वर्षाच्या १८ डिसेंबरला, चौथ्या आगमन रविवारच्या आदल्या दिवशी, त्याने पाच कडव्यांचे एक गीत लिहिले. आधार तोच, रोमकरांच्या पत्रातील तेरावा अध्याय. १९३८ साली ‘किरीए’ या छोट्या संग्रहात ते छापले गेले आणि पुढील वर्षी योहानेस पेट्सोल्डने त्याला चाल लावली. पहिली तीन कडवी परंपरेला धरून आहेत : रात्र उतरणीला लागली आहे, रात्री जो रडला त्यानेही पहाटताऱ्याच्या गाण्यात सूर मिसळावा. येथवर कोणताही चांगला भक्तकवी आला असता. चौथ्या कडव्यापाशी मात्र गीत थबकते. माणसाच्या दुःखावर आणि माणसाच्या अपराधावर अजून पुष्कळ रात्री पडणार आहेत, असे तेथे कवी म्हणतो. आणि तो तारा आता सर्वांच्या बरोबर चालत राहतो, एवढाच दिलासा देतो. पाचव्या कडव्यात देव अंधारातच वस्ती करू इच्छितो, हा सलमोनाच्या मंदिरार्पणाच्या प्रसंगाची आठवण देणारा विचार येतो.

आशेच्या गीतात ‘अजून पुष्कळ रात्री’ हे शब्द घालण्याचे धैर्य फार थोड्या कवींनी दाखवले आहे. त्याहून महत्त्वाचा आहे तो ‘अपराध’ हा शब्द. दुःख आणि अपराध यांना एकाच ओळीत, एकाच रात्रीखाली ठेवणे ही १९३७ च्या जर्मनीत साधी गोष्ट नव्हती. दुःख कोणाचे आणि अपराध कोणाचा, हे कवी सांगत नाही. ते त्याच्या घराला ठाऊक होते.

पुढच्या वर्षी नोव्हेंबरात सिनेगॉग जळाली. त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी, १८ डिसेंबर १९३८ रोजी, म्हणजे पुन्हा चौथ्या आगमन रविवारी, बर्लिनच्या मारीएन्डोर्फ भागातील मार्टिन ल्यूथर स्मारक चर्चमध्ये योहानाने बाप्तिस्मा घेतला आणि दोघांच्या विवाहाला चर्चचा आशीर्वाद मिळाला. ते चर्च १९३५ साली नव्यानेच पुरे झालेले होते; त्यातील कोरीव कामात ख्रिस्ताच्या शेजारी नव्या राज्याची गणवेशातील माणसे कोरलेली आहेत. ती वास्तू अद्याप उभी आहे. एखाद्या नाटककाराने असा देखावा योजला असता तर आपण त्याला अतिरंजित म्हटले असते.

थोरली मुलगी ब्रिगिटे १९३९ साली इंग्लंडला गेली. धाकटी रेनाटे मागे राहिली, आणि मग युद्ध सुरू झाले. स्वतः क्लेपरला सैन्यात घेण्यात आले आणि ज्यू स्त्रीशी विवाह केल्याबद्दल १९४१ मध्ये काढूनही टाकण्यात आले. योहानाला या विवाहाचे थोडे तरी संरक्षण होते. सावत्र मुलीला ते नव्हते. पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्या १९४१ च्या शरद ऋतूत बर्लिनहून सुटू लागल्या होत्या. १९४२ च्या डिसेंबरच्या आरंभी स्वीडनने रेनाटेला प्रवेशाची परवानगी दिली. राहिली होती ती जर्मनीतून बाहेर पडण्याची. गृहमंत्री फ्रिक याने आपला इलाज नसल्याचे सांगितले, आणि क्लेपर आडोल्फ आइखमन नावाच्या अधिकाऱ्यासमोर जाऊन उभा राहिला. १० डिसेंबरला नकार मिळाला. त्या रात्री तिघांनी, आई, मुलगी आणि कवी यांनी, घरातील गॅस सोडून एकत्र मरण पत्करले. दैनंदिनीतील अखेरच्या नोंदीत त्याने लिहिले आहे की त्यांच्या शेवटच्या घटकांत आशीर्वाद देणाऱ्या ख्रिस्ताची मूर्ती त्यांच्यावर आहे. दुसरा आगमन रविवार होऊन गेला होता. तिसरा यायचा होता.

या मृत्यूपुढे त्या गीताचे काय करावयाचे?

दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणते, आशेच्या कवीने आत्मघात केला. गीत खोटे ठरले. दुसरे, अधिक भाविक उत्तर म्हणते, या मरणाने गीतावर रक्ताची मोहोर उठवली. मला ही दोन्ही उत्तरे अमान्य आहेत. पहिले उत्तर देणाऱ्याने गीत नीट वाचलेले नाही; उद्या सकाळ होईल असे वचन त्यात कोठेच दिलेले नाही, उलट पुष्कळ रात्रींचे भाकीत केले आहे, आणि त्यांतली एक कवीवर पडली. दुसरे उत्तर अधिक धोक्याचे आहे. तीन माणसांच्या मरणाची वाङ्मयीन किंमत ठरवण्याचा अधिकार समीक्षेला कोणी दिला? रेनाटेने एकही गीत लिहिले नव्हते. तिचे मरण कोणत्या कडव्यावर मोहोर उठवते?

खरा प्रश्न गीत लिहिणाऱ्याविषयी नाहीच. तो गाणाऱ्यांविषयी आहे. १७ डिसेंबर १९४१ रोजी, म्हणजे आगमनकालातच, जर्मनीतील सात प्रादेशिक प्रॉटेस्टंट चर्चांच्या प्रमुखांनी असे जाहीर केले की बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूंना आपल्या चर्चमध्ये यापुढे स्थान नाही. चार दिवसांनी आला चौथा रविवार. त्या दिवशी त्या चर्चांत आगमनगीते गायली गेलीच असतील. श्पेचे, गेरहार्टचे, एखाद्या ठिकाणी क्लेपरचेही. येणाऱ्या ज्यू बालकासाठी दार उघडा, असे गाणारे ओठ आणि ज्यू शेजाऱ्यासाठी दार लावणारे हात एकाच देहाचे होते. आशेच्या वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्याने हे पान उलटून पुढे जाऊ नये. गीत जेवढे सुंदर, तेवढी त्याच्या आडोशाला झोप गाढ लागते. आणि झोपेतून उठा, हीच तर त्या गीताची पहिली हाक होती.

जे जागे होते त्यांतील दोघांचे आगमनकाल बर्लिनच्या टेगेल तुरुंगात गेले. डीट्रिख बोनहोफर या प्रॉटेस्टंट धर्मशास्त्रज्ञाचे नाव भारतीय वाचकाला सर्वस्वी नवे नसावे. गांधीजींच्या सहवासात राहून शिकावे म्हणून त्याने त्यांना पत्र लिहिले होते आणि १ नोव्हेंबर १९३४ च्या उत्तरात गांधीजींनी त्याला आश्रमात येण्याचे निमंत्रण दिले होते. श्पेप्रमाणे त्याचेही येणे राहून गेले. १९३३ च्या पहिल्या आगमन रविवारी लंडनमधील जर्मन मंडळीपुढे प्रवचन करताना त्याने खाणीत गाडल्या गेलेल्या कामगारांचा दृष्टान्त घेतला होता : दूरवरून घणाचे ठोके ऐकू येतात, कोणीतरी आपल्याकडे येत आहे हे कळते, आणि स्वतः मात्र काहीच करता येत नाही. दहा वर्षांनी तो दृष्टान्त त्याच्यावरच उलटला. एप्रिल १९४३ मध्ये अटक झाल्यावर त्या नोव्हेंबरात, बर्लिनवर बाँबवर्षाव सुरू झालेल्या आठवड्यात, त्याने आपल्या मित्राला लिहिले की तुरुंगातील कोठडी आगमनकालासारखीच आहे. माणूस वाट पाहतो, किरकोळ काहीबाही करीत राहतो, आणि दार बंद असते ते बाहेरूनच उघडणारे. हे वाक्य तो जवळजवळ हसत लिहितो. १९३३ चे प्रवचन वाङ्मयदृष्ट्या अधिक सजलेले आहे. पत्रातील ही बोलण्याच्या ओघात आलेली उपमा मला अधिक खरी वाटते. कोठडीत गेरहार्टची गीते त्याने पाठ केली होती, आणि त्यांचा आपल्याला अनपेक्षित आधार झाला असे तो लिहितो. तीनशे वर्षांपूर्वीच्या जळलेल्या गावातून आलेला तो आधार होता.

आल्फ्रेट डेल्प हा जेझुइट पाद्री. म्युनिकच्या ‘श्टिमेन डेर त्साइट’ या मासिकाच्या संपादकवर्गात १९४१ मध्ये ते बंद पाडले जाईपर्यंत तो होता, म्हणजे एका अर्थी आपल्याच व्यवसायातला. हिटलरनंतरच्या जर्मनीचा विचार करणाऱ्या क्रायझाउ मंडळाशी संबंध असल्यामुळे २८ जुलै १९४४ रोजी त्याला पकडण्यात आले. त्या वर्षीच्या डिसेंबरात त्याने आगमनकालावर चिंतने लिहिली. हातांत बेड्या असत. कागद धुण्याच्या कपड्यांबरोबर बाहेर जात. आगमनकाल म्हणजे हादरून जाण्याचा काळ, असे त्याचे सूत्र आहे. माणूस मुळापासून हलल्यावाचून जागा होत नाही, आणि जागा झाल्यावाचून त्याला आशा धरण्याचा अधिकार नाही, असा त्याच्या युक्तिवादाचा क्रम मी समजतो. अरण्यात ओरडणारा योहान, निरोप आणणारा देवदूत आणि मरिया या तीन आकृती तो वाचकापुढे उभ्या करतो. त्यांतील योहानाविषयीची पाने सर्वांत समर्थ उतरली आहेत, कारण तेथे लेखकाला कोमल व्हावे लागत नाही. अन्यत्र घाई दिसते, पुनरुक्तीही आहे. बेड्या घातलेल्या हातांनी लिहिलेल्या गद्याची शैली तपासताना संकोच वाटतो हे खरे. पण डेल्पसारख्या संपादकाला त्या संकोचाचा रागच आला असता. जानेवारीत फ्राइस्लरच्या लोकन्यायालयात खटला चालला आणि २ फेब्रुवारी १९४५ रोजी प्ल्योत्सेन्झे येथे त्याला फाशी देण्यात आले. चर्चच्या पंचांगात तो दिवस मंदिरातील अर्पणाचा आहे, जन्मभर वाट पाहिलेल्या वृद्ध शिमोनाच्या हातांत बाळ देण्याचा. बोनहोफरला ९ एप्रिलला फ्लोसेनब्युर्ग येथे फासावर चढवले. महिन्याभरात युद्ध संपले.

श्पेपासून डेल्पपर्यंतची ही माणसे एका पंथाची नव्हती. त्यांच्यातील दोन जेझुइट आणि तीन ल्यूथरच्या परंपरेतले यांच्यात त्यांच्या काळात तर हाडवैरच होते. आज श्पेचे कॅथलिक गीत प्रॉटेस्टंट गीतसंग्रहात आहे आणि क्लेपरचे प्रॉटेस्टंट गीत कॅथलिक संग्रहात. त्यांना जोडणारी गोष्ट सिद्धान्ताची नसून बोलण्याच्या रीतीची आहे. अंधाराचे वर्णन पुरते केल्याखेरीज प्रकाशाचा उच्चार करावयाचा नाही, आणि केला तरी तो वर्तमानकाळात करावयाचा नाही. ‘येत आहे’ या क्रियापदावर ही सारी कविता उभी आहे. ‘आला’ म्हणण्याची उतावीळ ज्यांनी केली, त्यांची नाताळगीते ढीगभर आहेत आणि ती ऐकायला गोडही आहेत.

क्लेपरची दैनंदिनी १९५६ साली प्रसिद्ध झाली. तिचे शीर्षक ‘तुझ्या पंखांच्या छायेखाली’ हे एका स्तोत्रातून घेतलेले. समीक्षकांनी तिची दखल साहित्यकृती म्हणून घेतली. पाच वर्षांनी, १९६१ मध्ये, जेरुसलेमच्या न्यायालयात तिची शेवटची पाने पुन्हा पुढे आली. ती पुरावा म्हणून दाखल झाली होती. आरोपीच्या पिंजऱ्यात काचेआड जो माणूस बसला होता, त्याच्या टेबलासमोर १९४२ च्या आगमनकालात क्लेपर उभा राहिला होता. त्या टेबलावर स्वीडनच्या परवानगीचा कागद होता, आणि कागदावर रेनाटेचे नाव.